ड्रायव्हरचा नाही, हार्डवेअरचा प्रॉब्लेम आहे : रिफर्बिश्ड लॅपटॉपबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी / कस्टमर केअर टीम

विषय : वॉरंटीत असलेल्या लॅपटॉपची फुगलेली बॅटरी आणि गायब होणारं वायफाय कार्ड बदलून मिळण्याबाबत, नाहीतर पूर्ण रिफंडबाबत

नमस्कार,

हे आता लेखी देतोय कारण फोनवर आणि चॅटवर दरवेळी नवीन माणूस असतो, सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं आणि शेवटी उत्तर तेच, ड्रायव्हर (म्हणजे पार्ट चालवणारं सॉफ्टवेअर) रीइन्स्टॉल करा. लॅपटॉप माझ्या धाकट्या बहिणीसाठी घेतला, ती बीसीएला आहे, नवीन परवडत नव्हता म्हणून तुमच्याकडचा २०१८ चं मॉडेल, आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला घेतला. जुना म्हटल्यावर कव्हरवर ओरखडे असणार, कीबोर्डवरची अक्षरं पुसट असणार, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण तुमच्या पेजवर सगळे पार्ट तपासलेले आणि बॅटरी हेल्थ किमान ८० टक्के असं लिहिलंय, त्याचा स्क्रीनशॉट जोडलाय.

आधी वायफाय. सकाळी गार लॅपटॉप चालू केला की वायफाय व्यवस्थित चालतं, मग थोडा तापला की एकदम जातं, म्हणजे नुसतं डिस्कनेक्ट होत नाही, वायफायचं बटणच गायब होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डचं नावच दिसत नाही. व्ह्यू मेनूतून हिडन डिव्हाइसेस चालू केले की ते फिकट रंगात दिसतं आणि प्रॉपर्टीजमध्ये कोड ४५ येतो, म्हणजे हे हार्डवेअर सध्या कॉम्प्युटरला जोडलेलंच नाही असं विंडोज स्वतः सांगतंय. ड्रायव्हर खराब असता तर पिवळा त्रिकोण आला असता, कोड १० किंवा कोड २८ सारखं काहीतरी आलं असतं, पण कार्ड तरी दिसलं असतं ना. जे कार्ड मशीनलाच सापडत नाही त्याचा ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी काय होणार?

तरीही तुम्ही सांगितलं ते सगळं केलं. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून मॉडेल बघून ड्रायव्हर टाकला, बायोस अपडेट केलं, फास्ट स्टार्टअप बंद केलं, पॉवर मॅनेजमेंटमधली टिक काढली, चार्जर काढून पॉवर बटण दाबून धरलं. मग तुमच्या टेक्निशियनने मोबाइलच्या यूएसबी टेदरिंगवरून रिमोट घेऊन विंडोज नव्याने टाकलं, त्यात बहिणीचं सगळं सॉफ्टवेअर परत बसवत बसावं लागलं आणि लॅपटॉप तापल्यावर वायफाय परत गेलं. शेवटी मी पेनड्राइव्हवरून उबुंटू लाइव्ह, म्हणजे विंडोजऐवजी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, चालवून बघितलं. त्यात तुमच्या विंडोजचा, ड्रायव्हरचा काही संबंधच नाही. गार असताना एलएसपीसीआय कमांडच्या लिस्टमध्ये (मशीनला सापडलेल्या पार्टची यादी) कार्ड आलं, तापल्यावर तीच कमांड दिली तर त्या लिस्टमधून कार्डची ओळच गेली. दोन्हीचे फोटो जोडलेत. एकतर कार्ड जायला आलंय नाहीतर स्लॉटमधला किंवा बोर्डवरचा कॉन्टॅक्ट सैल आहे, ते उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि उघडायचं तर तुमचं वॉरंटी सील तुटतं, म्हणून मी हात लावलेला नाही.

आता यापेक्षा महत्त्वाचं. टचपॅडचं डावं क्लिक दाबलं जात नाही अशी तक्रार केली तर तिथेही टचपॅडचा ड्रायव्हर टाका म्हणून लिंक पाठवली. मी टचपॅडवर स्टीलची पट्टी आडवी ठेवली, पट्टी मध्यभागी टेकते आणि दोन्ही टोकांखालून उजेड दिसतो. टेबलावर ठेवला की लॅपटॉप डुगडुगतो. या मॉडेलमध्ये बॅटरी टचपॅडच्या बरोबर खाली असते, ती फुगून वरती दाबतेय. विंडोजच्या पॉवरसीएफजी कमांडने बॅटरी रिपोर्ट काढला, त्यात डिझाइन कपॅसिटी (नवीन असतानाची) ४५,००० आणि फुल चार्ज कपॅसिटी (आताची) १७,३५० मिलीवॅट-अवर आहे. म्हणजे ३९ टक्केसुद्धा नाही, कुठे तुमचे ८० टक्के आणि कुठे हे. आणि टक्केवारी सोडा, फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते हे तुम्ही रोज हाच धंदा करता तर तुम्हाला माहीत असायला पाहिजे. पोरगी रात्री तो चार्जिंगला लावून शेजारी झोपत होती. फोटो बघून तुमच्या एकाही माणसाने "वापर थांबवा" एवढं दोन शब्दांत सांगितलं नाही याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. लॅपटॉप आता बंद करून, चार्जर काढून वेगळा ठेवलाय.

तुम्ही म्हणता स्वतःच्या खर्चाने कुरिअर करा. कुरिअरवाल्याला खरं सांगितलं तर त्याने घेतला नाही, आणि बरोबर आहे त्याचं, खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला बंदी आहे. खोटं सांगून मी पाठवणार नाही. त्यामुळे एकतर तुमचा माणूस घरी येऊन बॅटरी आणि वायफाय कार्ड बदलून द्या, स्लॉटमध्ये किंवा बोर्डमध्ये दोष निघाला तर लॅपटॉप बदलून द्या, किंवा सुरक्षित पिकअप तुमच्या खर्चाने करून पूर्ण पैसे परत करा. बॅटरी बदलली तर तिचाही बॅटरी रिपोर्ट माझ्यासमोर काढून दाखवायचा, दुसऱ्या जुन्या लॅपटॉपमधली काढून लावलेली चालणार नाही.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. पोच लेखी द्या, त्यात तक्रार नंबर द्या, परत ड्रायव्हरची लिंक पाठवू नका. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर नोंदवतो आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आमच्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जातो, त्यासाठी तुमच्या शहरात यायची गरज नाही हेही चौकशी करून ठेवलंय.

बिल, वॉरंटी कार्ड, फोटो, बॅटरी रिपोर्ट आणि चॅटचे स्क्रीनशॉट सोबत जोडलेत. पिकअपला किंवा माणूस पाठवायला संध्याकाळी सहानंतर कधीही चालेल, आधी फोन करा.

आपला ग्राहक
(ऑर्डर नंबर आणि मोबाइल नंबर बिलावर आहे)