मन्या, तुझा गल्ला रोमन होता

नौपाडा, ठाणे
रविवार दुपार

मन्या,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्रच लिहायला बसलोय, लांबलं तर शिव्या घालू नकोस.

चिऊ पाचवीत गेली आणि गणितात रोमन अंक आले. शाळेत काय शिकवलं तर एक ते शंभर वहीत दोनदा उतरवून आणा, बास. तिने एकोणपन्नासला एलच्या आधी आय ठोकला, पन्नासातून एक गेला, बरोबरच वाटतं की नाही? मलाही वाटलं, वर सहीपण केली. दुसऱ्या दिवशी ही मोठी लाल फुली, ती तिच्यापेक्षा मलाच जास्त लागली.

मग रात्री पुस्तक घेऊन बसलो. आयला फक्त व्ही आणि एक्समधून वजा व्हायची परवानगी, एक्सला एल आणि सीमधून, सीला डी आणि एममधून. म्हणून डीच्या आधी सी आला की चारशे. आणि एकोणपन्नास म्हणजे आधी चाळीस मग नऊ, एक्स एल, आय एक्स. आयला थेट एलपर्यंत उडी नाही.

वाचता-लिहिता आलं, पण चिऊ म्हणाली, बाबा रोमन लोक भाजी आणायला गेले तर बेरीज कशी करायचे? मी ऐटीत सत्तावीस आणि अडतीस रोमनमध्ये एकाखाली एक मांडले आणि तिथेच अडकलो, शून्यच नाही त्यांच्यात, एकक-दशकाची घरं नाहीत, हातचा ठेवणार कुठे?

तेव्हा तू आठवलास. जांभळी नाक्याच्या दुकानात काकांच्या गल्ल्यावर बसलेला, गणितात काठावर पास पण सुट्ट्यात कधी एक रुपया न चुकलेला. एक, पाच, दहा, पन्नास, शंभर, पाचशे, हजार. अरे आय, व्ही, एक्स, एल, सी, डी, एम म्हणजे तुझा गल्लाच की रे! फक्त दोन, वीस, दोनशे काढून टाकायचे. हजारची नोट नोव्हेंबर २०१६ ला बंद झाली, म्हणजे आपला एम गेला.

लगेच चिल्लरचा डबा डायनिंग टेबलवर ओतला. सत्तावीस म्हणजे दहाची दोन, पाचचं एक, रुपये दोन. अडतीस म्हणजे दहाची तीन, पाचचं एक, रुपये तीन. दोन्ही ढीग एकत्र ढकलले. पाच रुपये देऊन चिऊने पाचचं नाणं घेतलं, पाचची झाली तीन, त्यातली दोन देऊन दहाचं घेतलं, दहाची झाली सहा, त्यातली पाच माझ्याकडे सरकवून पन्नासची नोट मागितली. टेबलावर उरलं पन्नास, दहा, पाच. एल एक्स व्ही. पासष्ट! हातचा वगैरे काही नाही, नुसती मोड आणि बंदे. आणि नऊचं आय एक्स म्हणजे 'दहा घ्या, एक परत द्या', हे तर गिऱ्हाइकाचं रोजचंच. बेरजेच्या आधी त्याची मोड करायची, एक व्ही, चार आय.

रोमन लोकही हिशोबाला पाटावर खडेच सरकवायचे. लॅटिनमध्ये खड्याला कॅल्क्युलस म्हणतात, हो तोच, बारावीत आपली वाट लावणारा.

अजून एक. चार आय सलग लिहिले की चूक असं शाळेत सांगतात, आणि आमच्या आजोबांच्या घड्याळात चारला चार काड्याच आहेत. रोमच्या कलोसियमच्या चव्वेचाळीस नंबरच्या दारावर तर चाळीस वजाबाकीने आणि चार मात्र चार काड्यांनी, एकाच आकड्यात दोन्ही तऱ्हा. मी बाईंना विचारायला निघालो होतो, बायकोने खाली बसवलं.

चिऊला आता नाद लागलाय, दिसेल ते रोमनमध्ये लिहिते. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ते १८५३ साल लिहून बघ: एम, डी, तीन सी, एल, तीन आय. कुठे वजाबाकी नाही, नोटा मोजून हातात ठेवाव्यात तसं.

तुझ्यासाठी तिने खास गणित घातलंय. तीन सी, मग एक्स एल, अधिक एल एक्स. मोड करून सोडव. आणि उत्तरात जी दोन अक्षरं येतील ना, ती माझी तू कॉलेजात नेलीस ती अजून परत दिलेली नाहीस.

तुझाच,
पक्या