मंदारला, चार माणसं घेण्याआधी

नागपूर,
२० मे

प्रिय मंदार,

फोनच करणार होतो, पण हे नीट सांगायला हवं, म्हणून लिहायला बसलो. विम्याच्या क्लेमच्या सॉफ्टवेअरचं काम दीड महिना मागे पडलंय, वरून चार नवे डेव्हलपर द्यायला तयार आहेत, घेऊ का, असं विचारलंस. घेऊ नकोस बे.

नवा माणूस आल्या आल्या कोड लिहीत नाही, आधी विचारत बसतो. आणि विचारणार कोणाला? ज्याला सगळं माहीत आहे त्याला. म्हणजे जिच्या जिवावर तुझं निम्मं काम चाललंय ती प्रीती दिवसभर ह्याला अॅक्सेस मिळवून दे, त्याचा सेटअप लावून दे, हा टेबल कशासाठी आहे ते समजाव, यातच अडकणार. शिवाय पाच जणांत आपसात बोलणाऱ्या जोड्या होतात १०. नऊ जण झाले की ३६. आयबीएमच्या ओएस/३६० या अवाढव्य प्रोजेक्टची जबाबदारी सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो. पन्नास वर्षं झाली, तरी वरच्यांना पहिला उपाय तोच सुचतो.

त्यापेक्षा काम कमी कर. क्लेम दाखल होणं, कागदपत्रं अपलोड होणं, सर्व्हेअरकडे जाणं आणि रक्कम मंजूर होणं, एवढं पहिल्या रिलीजमध्ये चाललं की क्लायंटची माणसं कामाला लागतात. ब्रँचनिहाय रिपोर्ट आणि तो रंगीत डॅशबोर्ड महिन्याभराने गेला तर कोणाचं काही अडत नाही. हे क्लायंटच्या साहेबाला नको, रोज त्या स्क्रीनवर बसणाऱ्या माणसाला विचार. फक्त टेस्टिंगला हात लावू नकोस. तारीख जवळ आली की सगळे आधी तिथेच कात्री लावतात.

पण मला खरं खटकलं ते वेगळंच. दीड महिन्याचा उशीर तुला एका मीटिंगमध्ये कळला, असं लिहिलंस. तुझ्या टीममध्ये कोणाला तरी ते आधीपासून माहीत असणारच. त्याने तुला का सांगितलं नाही, ते शोध.

आमच्या मिहानच्या ऑफिसात गोंदियाकडचा एक पोरगा आहे, हुशार आणि अबोल. सकाळच्या स्टँडअपला, म्हणजे कुठवर आलं ते सांगायच्या छोट्या मीटिंगला, रोज म्हणायचा, "होऊन जाते सर." सलग तीन-चार दिवस तेच ऐकल्यावर मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, चालवून दाखव. पेमेंटची रिक्वेस्ट जायची आणि टाइमआउट होऊन परत यायची. बँकेने त्यांच्या टेस्ट सर्व्हरवर आमच्या आयपीला, म्हणजे आमच्या मशीनच्या नेटवर्कवरच्या पत्त्याला, परवानगीच दिली नव्हती. त्याच्या कोडमध्ये काही चूक नव्हती, आणि तो मात्र रात्री जागून स्वतःचाच कोड पुन्हा पुन्हा तपासत होता. बँकेच्या माणसाला एक फोन केला, दुपारपर्यंत काम झालं. दुसऱ्या दिवशी स्टँडअपमध्ये मी एवढंच म्हणालो की अडलं तर त्याच दिवशी सांगा, फोन करणं माझं काम आहे. त्या आठवड्यात आणखी दोघांनी आपापली अडलेली कामं स्वतःहून काढून दाखवली. तेव्हापासून "किती टक्के झालं" हा प्रश्न मी बंदच केला. काय उरलं ते विचारतो, आणि झालंय म्हणतील ते चालवून बघतो.

वाईट बातमी वेळेत पोचली नाही तर काय होतं, ते नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर दलाल कंपनीचं बघ. १ ऑगस्ट २०१२. नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर चढला, एक राहून गेला, आणि दुसऱ्या कोणी तपासलंही नाही. बाजार उघडण्याआधी सिस्टिमने त्या गडबडीचे ९७ ईमेल लोकांना पाठवले होते. कोणी लक्ष दिलं नाही. पाऊण तासात ४० कोटी डॉलरच्या वर बुडाले. मला त्या राहून गेलेल्या सर्व्हरपेक्षा ते ९७ ईमेल जास्त छळतात. माणसाच्या हातून काहीतरी राहून जाणारच. पण खूण समोर आलेली असताना ती बघणं कोणाचं काम आहे, हेच ठरलेलं नसेल तर सगळी हुशारी वाया.

म्हणून सोमवारी प्रत्येकाशी वेगवेगळं बोल. सगळ्यांसमोर नको, आणि दोष कोणाचा ही चौकशी तर अजिबात नको. एकदा का माणूस खरं बोलून तोंडावर पडला, की पुढे तुला रिपोर्टमध्ये सगळं हिरवंच, म्हणजे ठीकठाकच, दिसत राहील. खरी तारीख त्यांच्याकडूनच घे, आणि ती आवडली नाही तरी तिथल्या तिथे घासाघीस करू नकोस.

चौघांत एखादा टेस्टिंगवाला असेल तर तेवढा ठेव, त्याला प्रीतीच्या मागे मागे फिरावं लागणार नाही. बाकी तिघांना पहिल्या रिलीजनंतर बोलाव. आणि क्लायंटला तारखेचा मेल टाकण्याआधी मला पाठव, रविवारी सकाळी दोघं मिळून वाचू.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सचिन