बटणाची दोरी

नागपूर

प्रिय विनायक,

स. न. वि. वि.

दिवाळीनंतर फोन करीन म्हणालो होतो, तो केला नाही, याबद्दल तू मनातल्या मनात जे काही म्हणाला असशील ते सगळे मला मान्य आहे. माझी प्रकृती बरी आहे. साखर थोडी वाढली म्हणून एक गोळी सुरू झाली आहे, तेवढेच. पत्र लिहितो आहे ते आपल्या कारखान्यात प्रेस मशीन चालवणाऱ्या गजूसाठी. फोनवर हे नीट सांगता आले नसते, कारण तू मध्येच बोलतोस आणि माझा मुद्दा तिथेच राहतो.

गेल्या पावसाळ्यात तीन नंबरच्या प्रेसवर त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली, तर्जनी आणि मधले, हे तुला कळलेच आहे. पुढचे कळले नसेल. त्याचा पगार 26 हजारांपर्यंत पोहोचला होता, म्हणजे 21 हजारांची मर्यादा ओलांडून तो राज्य कामगार विम्याच्या बाहेर पडला होता. त्यामुळे भरपाई कंपनीने द्यायची आणि कंपनीच्या वतीने विमा कंपनीने. सामाजिक सुरक्षेची नवी संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, पण अपघात त्याआधीचा असल्याने हिशेब 1923 च्याच कामगार भरपाई कायद्याने व्हायचा. एका हाताची दोन बोटे गेली की परिशिष्टाप्रमाणे 20 टक्के. वेतन कितीही जास्त असले तरी 15 हजारच धरायचे, त्याचे 60 टक्के म्हणजे 9 हजार, त्याला चाळीस वर्षांच्या वयाचा 184.17 हा गुणक, आणि त्याचे 20 टक्के. मी तीनदा आकडेमोड केली, 3 लाख 31 हजार 506 रुपये येतात. एवढ्या पैशासाठी हा सगळा खटाटोप चालला आहे, हे लक्षात घे.

खटाटोप असा. विमा कंपनीने एक तपासनीस पाठवला. मृदू बोलणारा, स्वच्छ कपड्यांतला, चहा नाकारणारा मनुष्य. त्याने मोठ्या साहेबांना मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली आणि साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून ती पाहायला लावली. गजू कळमन्याहून संत्री आणून हिंगणा रोडवर हातगाडी लावतो, त्या गाडीवर तो संत्र्यांचे कॅरेट उचलताना दिसतो. साहेबांचा निष्कर्ष तयारच होता: हा माणूस धडधाकट आहे, पंधरवड्याचे पैसे घेतो आणि वर धंदाही करतो, ही सरळ फसवणूक आहे. मी ती चित्रफीत पुन्हा लावायला सांगितली. गजू कॅरेट पंजाने धरत नाही रे. दोन्ही हात कोपरापर्यंत कॅरेटखाली सारतो आणि छातीशी ओढून उचलतो. नंतर गिऱ्हाइकाला डझनभर संत्री देताना एकेक फळ अंगठा आणि अनामिका यांच्यात धरून पिशवीत टाकतो, आणि गिऱ्हाईक संत्री मोजायचे सोडून त्याच्या हाताकडे पाहत राहते. हे साहेबांना दाखवले, तर ते म्हणाले, "तुम्ही फार बारीक पाहता."

जखम बरी होईपर्यंत मिळणारे हे पंधरवड्याचे पैसे म्हणजे किती, तर 15 हजारांच्या 25 टक्के, 3 हजार 750. दोन मुलांच्या शाळेची फी, घराचे भाडे आणि दर आठवड्याचे ड्रेसिंग यात बसवून दाखव म्हणावे कोणीतरी. शिवाय अशा माणसाने काहीही कमवू नये असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. कायदा एवढेच म्हणतो की अपघाताआधीच्या निम्म्या पगारातून आताच्या निम्म्या कमाईची वजावट करून जे उरेल, त्याहून पंधरवड्याची रक्कम जास्त नसावी. म्हणजे जखमी माणूस पोटासाठी काहीतरी करणारच हे 1923 साली कायदा लिहिणाऱ्यांना समजत होते. आमच्या साहेबांना अजून समजायचे आहे.

आता तू म्हणशील, मधुकर, तू गजूचा वकील कधीपासून झालास? तसे नाही. खोट्या तक्रारी होतात, मी स्वतः पाहिल्या आहेत. आपला तो शेंडे आठवतो का, रविवारी मोटारसायकलवरून पडला आणि सोमवारी पहिल्या शिफ्टला शेडमध्ये घसरल्याचे नाटक केले? त्या वेळी तो निर्दोष आहे म्हणून युनियनच्या बाजूने तूच भांडला होतास, आणि पँटवरची रस्त्याची खडी मी दाखवल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतास. तेव्हा संशय घेण्याला माझी हरकत नाही. पण खडी नको का दिसायला?

खरी अडचण पुढे आहे आणि ती तुझ्याशिवाय कोणालाही कळणार नाही. चित्रफितीवर दावा पडत नाही हे तपासनिसालाही ठाऊक आहे, कारण बोटे तर गेलीच आहेत. म्हणून त्याने दुसरी वाट धरली आहे. सुरक्षेचे साधन कामगाराने जाणूनबुजून काढले किंवा धुडकावले, तर भरपाई नाकारता येते. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व असेल तरच ही पळवाट बंद होते. दोन बोटे म्हणजे अंशतः अपंगत्व, म्हणून पळवाट उघडी. तीन नंबरच्या प्रेसला दोन बटणे आहेत, दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे वरून दाबणारा भाग, खाली येत नाही, आणि अपघाताच्या दिवशी डावे बटण सुतळीने दाबून बांधलेले होते. हे सगळे खरे आहे. साहेबांना माझ्या सहीचे निवेदन हवे आहे की दोन्ही बटणे चालू स्थितीत होती, सूचना लावलेली होती, आणि ते बटण गजूने स्वतःच्या मर्जीने बांधले.

विनायक, ती सुतळी गजूची आहे का? तू त्या प्रेस विभागाचा सुपरवायझर होतास तेव्हाही ती तिथेच होती. तू ती कापायचास, आणि दुसऱ्या शिफ्टला नवी बांधलेली असायची, कारण दोन्ही बटणे दाबून कोणाचाही इन्सेंटिव्हचा आकडा पुरा होत नव्हता. आकडा ठरवणारे वर बसले होते आणि सुतळीही त्यांना माहीत होती. प्रेसपुढे हात आला की मशीन आपोआप थांबेल असा लाइट कर्टन बसवा, म्हणून तू लेखी मेमो दिला होतास, आणि तो मी दाबून ठेवला असे तू आजही मानतोस. मी तो आवक क्रमांक घालून त्याच दिवशी वर पाठवला होता. यावर आपले भांडण होऊन गेले आहे, पुन्हा नको. पण तो वर गेला होता, एवढे या वेळी तरी मान्य कर, कारण आता त्याच्याशीच काम आहे.

दरम्यान गजूला कामावर परत यायचे आहे. प्रेसवर नको, स्टोअरमध्ये चालेल, गेटवर चालेल, असे तो स्वतः येऊन सांगून गेला. डाव्या हाताने सही करायला शिकला आहे. हजेरीपत्रकावर करून दाखवली, माझ्या सहीपेक्षा बरी होती. साहेब त्याला गेटवर घ्यायला तयार आहेत, पण कमी पगारावर, आणि आधी एका कागदावर सही करून द्यायची की माझी आता कोणतीही मागणी उरलेली नाही. त्याच कायद्याच्या कलम 17 प्रमाणे असा हक्क सोडून दिल्याचा कागद रद्दबातल आहे, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, गजूला ते माहीत आहे का? मी त्याच संध्याकाळी गाडीवर जाऊन त्याला सांगितले. त्याने पैसे न घेता चार संत्री दिली, ती मला आंबट निघाली.

युनियनचा वकील आता म्हणतो की प्रेस चालवणाऱ्याची ही दोन बोटे गेली म्हणजे त्याचा धंदाच गेला, आणि 1975 च्या त्या सुताराच्या निकालावर तो बोट ठेवतो. सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता आणि एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ते संपूर्ण अपंगत्व मानले. मला ही ओढाताण वाटते; हात आणि बोटे यांत फरक आहे. पण भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालात आहे, आणि ते मात्र भक्कम आहे. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज आणि वर 50 टक्क्यांपर्यंत दंड. दंड विमा कंपनी भरत नाही, तो मालकाच्या खिशातून जातो. साहेबांच्या घाईचे कारण मला तिथे दिसते.

मी निवेदनावर सही केलेली नाही आणि करणार नाही. माझ्याकडून जे हवे असेल ते भरपाईचा दावा ऐकणाऱ्या आयुक्तांसमोर विचारा, असे सांगून टाकले आहे. निवृत्तीला थोडे महिने उरलेत, तेव्हा फार तर माझा निरोप समारंभ बिनापेढ्यांचा होईल. घरी ही काळजीत आहे, तुला लिही म्हणून तिनेच सांगितले.

मीनूचे लग्न ठरल्याचे कळले, फार आनंद झाला, तारीख कळव. पुण्याचा फ्लॅट मिळाला का? वहिनींचा गुडघा कसा आहे?

तुझ्या त्या मेमोची आवक शिक्का असलेली प्रत तुझ्याकडे असणार, कारण तू कागद फेकत नाहीस. निळ्या फायलीत बघ. वकिलाला ती पुढच्या तारखेआधी हवी आहे, आणि गरज पडली तर तुला साक्षीला नागपूरला यावे लागेल, तेही आत्ताच विचारून ठेवतो. प्रत माझ्या घरच्या पत्त्यावर पाठव, कारखान्याच्या नको. तिथले टपाल आधी कोण उघडतो हे तुला माहीत आहे.

तुझा,
मधुकर