गजू, शुक्रवारच्या आत बोल

वरुड, रविवार रात्र

प्रिय गजू,

आम्ही बरे आहोत, बाबांची शुगर आहे तिथंच. फोनवर हे सांगितलं असतं तर तू मधातच भांडला असतास, म्हणून लिहितो.

कंपनीनं विचारलंय, सेल्समध्ये जातोस की सोल्युशन्स इंजिनिअर होतोस, म्हणजे सौद्याआधी गिऱ्हाइकाला सॉफ्टवेअर दाखवून त्याचे तांत्रिक प्रश्न सोडवणारा? सेल्समध्ये निम्मा पगार पक्का, निम्मा टार्गेटवर. टार्गेटच्या वर गेलं की कमिशनचा दरही चढतो. दुसऱ्या कामात ७०-८० टक्के पक्का. घरच्या डोक्यावरचं पीककर्ज पाहता सेल्सच घ्यावं असं वाटतं. पण तिमाही संपली की आकडा पुन्हा शून्यावर! यंदा बाबांनी संत्र्याचा अंबिया बहार झाडावरच व्यापाऱ्याला दिला. भाव पडला तसा तो इसार सोडून गेला, तोडणीला फिरकलाच नाही. तरी बाबाच म्हणतात, "वावरानं कधी पक्का पगार देल्ला का रे?"

मागं एका डेमोत गिऱ्हाइकाच्या स्टोअरमधल्या बाईंनी विचारलं, आमच्या एक्सेलमधले बॅच नंबर जसेच्या तसे येतील ना? सेल्सवाला "हो हो" म्हणाला. मी म्हटलं, मॅडम, तो रकाना टेक्स्ट नसेल तर नंबरापुढची शून्यं एक्सेलमध्येच गळाली असतील. त्यांनी तिथंच फाइल उघडली. ००४७ चं ४७ झालेलं. मग तासभर त्या माझ्याशीच बोलत होत्या, एकेक रकाना दाखवत. सौदा झाला, कमिशन सेल्सवाल्याला. लागलं मला ते. आणि उद्या मी सगळं खरं सांगूनही भावावरून सौदा तुटला, तर माझ्या हातात काय? भाव सेल्सवालाच ठरवणार.

तरी मला तो तासच हवाय, गजू.

अमरावतीच्या रूमवर तू म्हणायचास, ज्याला बोलता येतं त्यानं मशीनपाशी बसू नये. त्यावरून मेसमध्ये आपण वेगळे बसलो होतो, आणि भाजी मात्र तू माझ्याच ताटातली उचललीस! तुझं तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही. मशीन कळतं म्हणूनच त्या बाई माझ्याशी बोलल्या. पण कर्जाचं तुला ठाऊक आहे, म्हणून तुझ्या तोंडून ऐकायचंय.

वहिनींचं बी.एड. झालं का? हरभरा पेरला? दुकानाचं शटर बसलं असेल आता.

शुक्रवारच्या आत फोन कर, रात्री नऊनंतर. तेव्हा बाबा झोपलेले असतात.

तुझाच,
पप्या