वेबसाइट मराठी, मापं मात्र इंग्रजी

संपादक महोदय,
नमस्कार.

हल्ली बरेच जण स्वतःची वेबसाइट काढतायत आणि ते चांगलंच आहे, फेसबुकवर लिहिलेलं चार दिवसांत खाली जातं, मग ज्यानं लिहिलंय त्यालाही सापडत नाही, त्यापेक्षा आपली हक्काची जागा कधीही बरी. मजकूरही भारी असतो, किल्ल्यांची वर्णनं, गावचा इतिहास, आजीकडून उतरवून घेतलेल्या ओव्या. पण वाचवत नाही हो! तीन परिच्छेद झाले की डोळे चुरचुरतात आणि माणूस टॅब बंद करतो. बहुतेक ठिकाणी भानगड एकच असते, टेम्प्लेट तयार घेतलेलं, ते इंग्रजीसाठी बनवलेलं, त्यात मराठी मजकूर नुसता ओतलेला आणि अक्षराचा साइझ, ओळींमधलं अंतर वगैरे सगळं रोमन लिपीच्या मापाचं आहे तसंच ठेवलेलं.

आता आपल्या लिपीत डोक्यावर रफार, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि पायाशी उकार, जोडाक्षरं, म्हणजे वरखाली दोन्हीकडे गर्दी. त्यामुळे इंग्रजीत जो १६ पिक्सेलचा साइझ ऐसपैस वाटतो त्यातच मराठी बारीक दिसते, कारण मधल्या मूळ अक्षराला जागाच कमी उरते. फोनवर १८ तरी ठेवा, वयस्क वाचक असतील तर २०. आणि लाइन-हाइट, म्हणजे अक्षराच्या साइझच्या पटीत मोजलेली ओळीची उंची, वाढवा, हे सगळ्यात आधी. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये १.४ किंवा १.५ असते, मराठीला १.७ ते १.८ लागते. परवा एका साइटवर अभंग वाचत होतो, 'विठ्ठल' शब्दातला ठ खाली ठ घेऊन उभा आणि खालच्या ओळीतल्या 'कीर्ती'चा रफार थेट त्याच्या पोटात घुसलेला. मथळ्यांचं तर विचारूच नका, डिझाइनवाल्यानं लाइन-हाइट १ ठेवून वरचं जास्तीचं कापायची सोय केलेली असते, मग वेलांट्यांचे शेंडेच गायब.

त्याहून वाईट म्हणजे लेटर-स्पेसिंग. इंग्रजीत मथळ्याची अक्षरं जरा लांब लांब ठेवली की ऐटबाज दिसतं म्हणून टेम्प्लेटमध्ये ते सेटिंग असतंच, पण मराठीत त्यानं शिरोरेघ तुटते! प्रत्येक अक्षर आपापल्या तुकड्याखाली सुटं उभं, आणि शब्द कुठे संपला हे शोधत बसायचं. आपल्याकडे शब्दाचा आकार डोळ्याला दिसतो तो त्या रेघेमुळे, ती तोडायची नाही. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, तिथे सरळ शून्य लिहा.

तसंच ते जस्टिफाय. दोन्ही कडा सरळ दिसाव्यात म्हणून लोक हौसेनं लावतात, लॅपटॉपवर खपूनही जातं, पण फोनवर बघा. आपले शब्द प्रत्यय लागून लागून लांब होतात, 'महाराष्ट्राबाहेरच्यांनासुद्धा' हा एकच शब्द अर्धी ओळ खातो, मग उरलेला छोटा शब्द पार दुसऱ्या कडेला आणि मध्ये मोकळं मैदान. तुमच्या छापील कॉलममध्ये हे चालतं कारण पान लावणारा माणूस बघून घेतो, शब्द तोडतो, एखादा बदलतो. वेबसाइटवर कोण बघणार? डावीकडून सरळ आणि उजवी कड वेडीवाकडी राहू दे, काही बिघडत नाही.

फॉन्टचं म्हणाल तर पूर्वीसारखी अडचण आता नाही. एकेकाळी विंडोजबरोबर आलेला, टाइप डिझायनर र. कृ. जोशींचा मंगल सोडला तर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी नीट दिसावी अशा पद्धतीत, फारसं काही नव्हतं. आज गुगल फॉन्ट्सवर मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा मुक्ता आहे, सात वजनांत म्हणजे बारीक ते जाड अशा सात रूपांत, फुकट, मजकुराला माझी पहिली पसंती तोच. नोटो सॅन्स देवनागरीही साधा स्वच्छ आहे. कथा-कवितांना छापील पुस्तकाचा बाज हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी बघा, नावातच मराठी आहे, ल आणि श आपल्या वळणाचे येतात. हिंदीचा उभ्या दांडीचा ल वाचता येतो, नाही असं नाही, पण मराठी पानावर तो सारखा खटकत राहतो. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच मराठी रूप येतं, आणि टेम्प्लेटमध्ये भाषा इंग्रजीच लिहिलेली असते, ती कुणी बदलत नाही. 'एक टाइप'चाच मोदक नावाचा एक जाडजूड फॉन्ट आहे, गणपतीच्या पोस्टरवर झकास दिसतो, पण एका पाककृतीच्या साइटवर अख्खी कृती त्यात लिहिलेली बघितली, साहित्य वाचेपर्यंतच भूक मेली.

निवडताना नमुन्याला दिलेलं वाक्य बघून भुलू नका, आपले अडेल शब्द टाकून बघा. दऱ्या, तऱ्हा, ॲप, वाङ्मय, विठ्ठल, उद्ध्वस्त. पुष्कळ नक्षीदार फॉन्टमध्ये ऱ्य नसतो, मग पाय मोडलेला र येतो, नाहीतर ॲ च्या जागी चौकोन. ठळक करूनही बघा, कारण फॉन्टमध्ये खरा बोल्ड नसला तर ब्राउझर आपला आपणच अक्षरं फुगवतो, पोटं भरून जातात आणि ध-घ, प-ष ओळखू येईनात. तिरप्याचंही तेच, उताऱ्यापुरतं ठीक, पानभर नको. मात्र हौस म्हणून पाच वजनं जोडू नका, जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल मोठी होते आणि खेड्यातल्या नेटवर पान उघडेना होतं. साधा आणि बोल्ड, बस.

पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरांची फॅशन एकदाची जावी. वाचनसुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यात मजकूर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ ला १ असा फरक मागितलाय, तो तपासणारी साधनं नेटवर फुकट आहेत. आणि कविता जेपीजी करून टाकणाऱ्यांना हात जोडून विनंती, चित्रातली अक्षरं गुगलला सहसा सापडत नाहीत आणि बहुतेक वेळा अंध वाचकाला पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडरही तिथे मुकाट राहतो.

१८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू करणाऱ्या जावजी दादाजींनी छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे पाडून घेताना जेवढा जीव टाकला त्याच्या पाव हिश्शानं कष्टही आज लागत नाहीत, दोन-तीन आकडे बदलायचे असतात. तरी होत नाही कारण मराठीत हे सांगणारं फारसं कुणी नाही. तुमच्या रविवार पुरवणीत यावर एखादं सदर सुरू करता आलं तर बघा, टाइप डिझाइन करणारी मंडळी मुंबईतच आहेत, त्यांनाच लिहायला सांगा. आणि जाता जाता, तुमच्या स्वतःच्या मोबाइल साइटवर मथळ्याची दुसरी ओळ पहिलीच्या उकारांवर चढते, तेवढं तुमच्या टेक्निकलवाल्यांना या आठवड्यात बघायला सांगा.

– एक नियमित वाचक, सातारा