शिकारी परतले, पण शिकार कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत फ्लेमिश (आजच्या बेल्जियममधले) चित्रकार पीटर ब्रूगेल यांचे १५६५ सालचे ‘हिमातील शिकारी’ हे चित्र पाहून आनंद झाला. त्याखालची ‘शिकार साधून आनंदाने घरी परतणारे गावकरी’ ही ओळ मात्र खटकली. चित्रात शिकारी तीन, कुत्र्यांचा हा मोठा जथा, आणि शिकार म्हणाल तर एकाच्या खांद्यावरच्या भाल्याला लोंबणारा एक मरतुकडा कोल्हा! तिघेही पाठमोरे, बर्फातून पाय ओढत चाललेले. कुत्र्यांच्याही माना खाली. यात आनंद कुठला?

खरी चेष्टा तर डावीकडच्या खानावळीत आहे. तिची पाटी एका कडीतून निसटून तिरकी लटकते आहे आणि तिच्यावर चित्र आहे शिंगाळ्या हरणाचे. म्हणजे हरीण मिळाले ते पाटीवरच. आपल्या छपाईत चित्राची डावी कड कापली गेल्याने वाचकांना ते दिसलेच नाही.

खानावळीपुढच्या जाळाला चित्रासोबतच्या लेखात ‘शेकोटी’ म्हटले आहे. मीही कित्येक वर्षे तेच समजत होतो. थंडी आणि जाळ म्हटले की आपल्याला हुरडाच आठवणार. पण तो पेंढा पेटवला आहे कापलेल्या डुकराचे केस जाळण्यासाठी, असे अभ्यासक सांगतात. ऐन हिवाळ्यात डुक्कर मारून मांस खारवून ठेवणे ही तिकडची बेगमी. अँटवर्पचे व्यापारी निक्लास योंगेलिंक यांच्यासाठी ब्रूगेल यांनी वर्षातल्या महिन्यांची जी मालिका रंगवली, त्यातलेच हे चित्र. अशा चित्रांत माणसांच्या कामावरूनच महिना ओळखायचा असतो.

हे चित्र म्हणजे ‘लघु हिमयुगाचा डोळ्यांदेखतचा पुरावा’ (लघु हिमयुग म्हणजे युरोपात काही शतके टिकलेला थंडीचा काळ), हे लेखातले विधानही जरा जास्तच झाले. १५६४-६५चा हिवाळा कडक होता, हे खरे. पण मागचे ते उभे सुळके पाहा. अँटवर्प-ब्रुसेल्सच्या सपाट मुलखात असे डोंगर कुठले? ते चित्रकाराने इटलीच्या प्रवासात पाहिलेले आल्प्स. ज्याने डोंगर उचलून आणले, त्याचा बर्फ तापमापकासारखा कसा वाचायचा?

मूळ चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे, सुमारे १६२ सें.मी. रुंद. पुन्हा छापाल तेव्हा अख्खे छापा, जमल्यास जोडपानावर. लांबवर एका घराचे धुराडे पेटले आहे आणि माणसे शिडी घेऊन तिकडे निघाली आहेत. आपल्या छपाईत ती मला भिंग लावूनही सापडली नाहीत.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली