वतनाच्या जमिनींचा शोध सरकारी खर्चाने व्हावा

संपादक महोदय,

मुंढव्यातील महार वतनाच्या, म्हणजे गावकामाच्या मोबदल्यात महारांना मिळालेल्या जमिनीचा व्यवहार २०२५ मध्ये गाजला. तिथे पुण्याचा भाव होता, म्हणून सगळ्यांचे लक्ष गेले. आमच्या माण तालुक्यातल्या हाडकी-हाडोळ्याकडे, अशाच वतनी जमिनींकडे, कोण बघणार?

माझे आजोबा तराळकी करायचे. अंमलदाराच्या घोड्यापुढे धावायचे, सारा तालुक्याला पोचवायचा, मेलेले जनावर ओढायचे, मयताचा सांगावा न्यायचा. या सगळ्याबद्दल साऱ्या भावकीला मिळून ओढ्याकाठची एक पट्टी. या वेठीतून माणसे सुटावीत म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतने खालसा व्हायला मात्र १९५८ चा कायदा यावा लागला. कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्याला जमीन नवीन शर्तीवर, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता येणार नाही या अटीवर, परत मिळणार होती. ज्यांचे पैसे जुळले नाहीत, ज्यांना कायदाच कळला नाही, त्यांच्या सातबाऱ्यावर 'सरकार' लागले.

आता हक्क सिद्ध करा म्हणतात. गाव नमुना तीन, कडईपत्रक, जुने फेरफार हे महसुली कागद तहसीलच्या अभिलेख कक्षात, त्यामागची दप्तरे पुण्याच्या पुराभिलेखागारात, आणि त्यांतले कितीतरी जुन्या मोडी लिपीत. पान स्कॅन करून संकेतस्थळावर टाकले तरी ऊसतोडीला जाणाऱ्या माझ्या पुतण्याला ते वाचता येत नाही. मोडी वाचणारा पानामागे पैसे घेतो, ते त्याच्या मेहनतीचे आहेत. पण खर्च एकाने करायचा आणि जमीन सगळ्या वारसांची, म्हणून कुणीच हात घालत नाही. शेवटी तो खर्च करतो जमिनीवर डोळा असलेला एजंट. कागद त्याच्याकडे जातात आणि कुलमुखत्यारपत्रावर अंगठे आमचे उठतात.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात स्पॅनिश आणि मेक्सिकन राजवटींनी गावांना दिलेल्या सामाईक जमिनींचा प्रश्न अमेरिका-मेक्सिको युद्धानंतरच्या १८४८ च्या तहापासून चालत आला आहे. तिथल्या सरकारने त्यासाठी २००९ मध्ये स्वतंत्र परिषद नेमली. आपल्याकडे बार्टी (डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था) आहे. तिला यासाठी वेगळा निधी द्या, जिल्हावार मोडी वाचक आणि महसुली कागद जाणणारे निवृत्त तलाठी मानधनावर घ्या. गावनिहाय शोध अहवाल ग्रामपंचायतीत ठेवा आणि त्याची प्रमाणित प्रत प्रत्येक वारसाला फुकट द्या. अहवाल होईपर्यंत त्या गटाच्या विक्रीला परवानगी देऊ नये.

आमच्या भागातील आमदारांनी येत्या अधिवेशनात पुरवणी मागण्यांमध्ये ही तरतूद मागावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, ता. माण, जि. सातारा